शिमग्यातली सुपारी

रविवार, १ सप्टेंबर २०२४

आजपासून लिहिते आहे. बँड चालवायचा असेल तर कधी काय ठरलं हे कुठेतरी लिहिलेलं असावं. धम्मपाल आणि विनीत यांच्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नाही.

धम्मपाल माझा चुलतभाऊ. गिटार वाजवतो, बरी वाजवतो. विनीत त्याचा कॉलेजातला मित्र, दिवसा पतसंस्थेत कारकून, आमच्याकडे गातो. मी बेस गिटार. महाडच्या एमआयडीसीत मी इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, दिवसभर गेज आणि सेन्सर खरं दाखवतात की नाही ते तपासते. त्यामुळे अँप्लिफायर, वायरी, अर्थिंग हेही माझ्याच गळ्यात. सराव अरविंदकाकांच्या, म्हणजे धम्मपालच्या वडिलांच्या, मंडप डेकोरेशनच्या गोदामात. गाद्या आणि पडद्यांच्या गठ्ठ्यांमुळे तिथे आवाज घुमत नाही.

ड्रमवर चंदू होता. आज पुन्हा आला नाही. बहिणीला बघायला पाहुणे आले होते. मी नियम मांडला: तारीख ठरली की ठरली. जो येणार नाही तो बँडमध्ये नाही. विनीत म्हणाला, हा बँड आहे की पोलीस भरती. पण विरोध कोणी केला नाही. चंदूला फोन मीच केला. त्याने फार मनाला लावून घेतलं नाही, निदान फोनवर तरी.

सोमवार, १६ सप्टेंबर

कामावरून सुटून धम्मपालबरोबर पोलादपूरला गेले. गणपतीच्या मिरवणुकीत एक बेंजो पार्टी होती. बेंजोवाला वाट्टेल तसा पळत होता आणि ढोलवाला त्याला दर चार मात्रांनी मागे खेचून जागेवर आणत होता. असं सलग इतका वेळ करणं अवघड असतं. मिरवणूक थांबल्यावर धम्मपालने त्याला गाठलं.

नाव शुभम. पोलादपूर नाक्यावर मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला. गाव सावरखिंड, पोलादपूरच्या वर डोंगरात. ड्रमसेटवर कधी बसलेला नाही. धम्मपालने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला तेव्हा म्हणाला, "पायानं पन वाजवायचं? मंग पगार डबल पायजे." पगार नाही हे मी स्पष्ट केलं. तो हसला आणि रविवारी किती वाजता ते विचारलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

शुभमचा पाय आता हाताशी जुळतो. लवकर शिकतो. प्रत्येक गाणं सुरू करण्याआधी माझ्याकडे बघतो आणि मी मान हलवल्याशिवाय काठी टाकत नाही. चांगली सवय आहे, बेस आणि ड्रम एकत्र सुरू झाले पाहिजेत. माझी केबल गुंडाळताना मी कशी वळवते ते त्याने पाहून ठेवलंय, आता तोच गुंडाळून ठेवतो. मला "मॅडम" म्हणतो. धम्मपालने सांगून पाहिलं की ही आमची पियू आहे, मॅडम नाही. शुभमने ऐकून घेतलं आणि पुन्हा मॅडमच म्हणाला.

बँडचं नाव ठरलं: गंज. पावसाळ्यात आमच्या सगळ्या जॅकपिना गंजल्या म्हणून.

शनिवार, १४ डिसेंबर

पहिला कार्यक्रम. नाते गावात एक हळद होती. डेकोरेशनवाले कार्यक्रमाच्या बोलावण्याला सुपारी म्हणतात. ही सुपारी अरविंदकाकांमुळे आली, कारण मंडप त्यांचा होता.

आमची स्वतःची चार गाणी आहेत. पहिलं संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्याच्या मध्येच नवऱ्याचे मामा स्टेजवर आले आणि विनीतच्या कानाशी ओरडले की मशीन बिघडली असेल तर बंद करा. विनीत गातच राहिला. तिसरं गाणं सुरू व्हायच्या आत कोणीतरी जनरेटरची वायर काढली. घाम पुसत बसलो तेव्हा शुभम एकटाच सेटमधला मोठा फ्लोअर टॉम ढोलासारखा वाजवायला लागला, हळदीचा नेहमीचा ठेका. बाया नाचायला उठल्या. त्याने जवळजवळ तासभर एकट्याने निभावलं.

परतताना टेम्पोत सामानावर बसलो होतो. मग शुभम म्हणाला, "मॅडम, तुमची गानी चांगली हायत. मानसं चुकीची व्हती." मी म्हटलं, आवाजाचं संतुलन चुकलं होतं, गायन खाली दबलं होतं. दोन्ही खरं असेल.

रविवार, १९ जानेवारी २०२५

शुभमने आम्हाला सावरखिंडीला जेवायला बोलावलं होतं. जीप वरपर्यंत जाते. वडील, कुशाबा, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पडून असतात. उजवी बाजू गेली आहे, बोलणं समजतं. शेजारचा गणू रोज सकाळी येतो, मग तो आणि शुभमची आई मिळून त्यांना उचलून पडवीत आणून बसवतात.

आईचं नाव तुळजाबाई. बारीक बाई, सतत कामात. बँडचं नाव ऐकून म्हणाल्या, "गंज म्हंजे? भात शिजवायचा?" विनीतला हसू आवरेना. त्या म्हणाल्या, भात शिजवायच्या गंजासारखाच आवाज असेल तुमचा.

भिंतीला मोठा ढोल टांगलेला आहे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी निघते तेव्हा पहिला ढोल याच घरचा. आधी कुशाबा वाजवत, आता शुभम. त्या घरचा ढोल वाजल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. कुशाबांनी डाव्या हाताने मला ढोलाकडे बोट दाखवलं. मी उठून पाहिला. चामडं बकऱ्याचं, ताण दोरीने दिलेला, दोन्ही बाजूंचा सूर वेगळा. मी तसं म्हटलं तर ते खूश झाले, असं तुळजाबाईंनी सांगितलं. मला चेहऱ्यावरून कळलं नसतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

खरी सुपारी आली. पाचाडला एक नवीन रिसॉर्ट आहे, होळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची माणसं येतात. त्यांना "लाइव्ह रॉक" हवं आहे. शनिवार, १५ मार्च. आमची स्वतःची गाणी वाजवायची परवानगी आहे. आगाऊ रक्कम घेतली.

तारीख सांगितल्यावर शुभमने विचारलं, पक्की का? मी पक्की म्हटलं. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, आमच्याकडं पालखी सोमवारची, मंग हरकत नाय.

गुरुवार, १३ मार्च

आज होळी. संध्याकाळी शुभमचा फोन आला. डोंगरातून बोलत होता, आवाज तुटत होता. शनिवारी कार्यक्रम दुपारी नाही का करता येणार, असं विचारलं. मी सांगितलं की सातला सुरू आहे, पोस्टर छापलं आहे. मग तो म्हणाला, कुनी दुसरा वाजवनारा मिळंल का एका दिवसासाठी. मी विचारलं, तू येणार नाहीस असं म्हणायचं आहे का? उत्तराची वाट न बघता म्हटलं, नियम तुला माहीत आहे, चंदूचं काय झालं तेही माहीत आहे.

तो म्हणाला, "बरं मॅडम. येतो."

कारण त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण येतो म्हणाल्यावर प्रश्न उरला नव्हता.

शनिवार, १५ मार्च

आतापर्यंतचा सगळ्यात चांगला दिवस. अर्थिंगची घरघर दुपारीच शोधून काढली. विनीतचा आवाज शेवटपर्यंत टिकला. शेवटच्या गाण्यात शुभमने असं काही वाजवलं की मी माझी ओळ विसरले आणि फक्त मूळ स्वर धरून राहिले. तालीम करताना हे कधी आलं नव्हतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. डोळे मिटलेले होते आणि तो कोणाला तरी मारतोय असं वाजवत होता.

माणसं उठून उभी राहिली. पुण्याच्या एकाने आम्हाला पुढच्या महिन्याचं बोलावणं दिलं.

शुभमने काही खाल्लं नाही. फोन बंद करून ठेवला होता. सामान भरून झाल्यावर म्हणाला, मला पोलादपूरपर्यंत नका सोडू, हितंच झोपतो. ड्रमच्या पिशव्यांवर डोकं ठेवून टेम्पोतच झोपला. धम्मपालने त्याच्यावर ताडपत्री घातली.

मंगळवार, १८ मार्च

विनीतच्या पतसंस्थेत सावरखिंडीचा एक खातेदार आहे. त्याच्याकडून कळलं.

पालखी सोमवारी होती. पण मुंबईत कामाला असलेल्या गावकऱ्यांचं मंडळ आहे, पालखीचा बराचसा खर्च तेच करतात. त्यांना रविवारी परतायचं होतं. म्हणून गुरुवारी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की पालखी शनिवारी काढा, आणि गावकीने मान्य केलं.

शनिवारी पालखी सजवून तयार होती आणि पहिला ढोल नव्हता. दुसऱ्या कोणी वाजवायचा नाही अशी रीत. शेवटी कुशाबांना खुर्चीत बसवून देवळापाशी नेलं आणि ढोल त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताने ते जेवढं वाजलं तेवढ्यावर पालखी उचलली. मग ते खुर्चीतून कलंडले.

मी शुभमला फोन लावला. उचलला नाही. धम्मपालला म्हटलं, त्याने हे गुरुवारीच मला सांगायला हवं होतं. धम्मपाल गिटारच्या तारा बदलत होता. म्हणाला, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

पोस्टर छापलेलं होतं. मी तेच म्हटलं. त्याने पुढची तार ओढली.

शुक्रवार, २१ मार्च

काल चवदार तळ्यावर गर्दी होती. अरविंदकाकांचे सगळे मंडप तिथे. माझी रात्र साउंडवर गेली. आज शुभम गोदामात आला. गावकीची बैठक रविवारी आहे. गावकीचा पुढारी येसाजी म्हणाला आहे की दंड भरावा, देवळात नारळ ठेवून चुकलो म्हणावं, विषय संपेल. शुभमला हे जड वाटत नव्हतं. खांदे उतरले होते, पण बरा होता.

मी म्हटलं, चूक तुझी नव्हतीच. सुपारी फेब्रुवारीत घेतली, तारीख मार्चमध्ये त्यांनी बदलली. हे कोणीतरी त्यांना नीट मांडून सांगायला हवं. मी येते.

"नको, मॅडम. तुमी नका येऊ."

मी कारण विचारलं. म्हणाला, बायामानसं बसत नायत बैठकीला. एवढंच असेल तर मी उभी राहीन म्हटलं.

रविवार, २३ मार्च

सावरखिंडीला जाऊन आले. धम्मपालने येणार नाही म्हणून सांगितलं आणि मलाही जाऊ नको म्हणाला. स्कूटरवर एकटी गेले.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. येसाजी साठीचे, शांत बोलणारे. मला बसायला सतरंजी दिली. मी सगळा क्रम सांगितला: सुपारी कधी घेतली, तेव्हा पालखी कधीची ठरली होती, ती कधी बदलली, कोणी बदलली, शुभमला ते कळेपर्यंत मागे फिरायला जागा का नव्हती. येसाजी मान हलवत होते.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "काय चूक नाय. नाव काय म्हनलात?"

मी सांगितलं.

"पुरं सांगा की."

पूर्ण नाव सांगितलं. मग त्यांनी महाडात कुठे राहता विचारलं. तेही सांगितलं. खांबाला टेकलेला एक जण हसला आणि दुसरीकडे बघायला लागला. येसाजी शुभमकडे वळले.

"हे तू बोल्ला न्हवतास, शुभ्या."

शुभमने मान वर केली नाही. मी उठले. देवळाच्या पायऱ्या उतरताना मागे वळून पाहिलं तर माझी सतरंजी एकाने काठीने ओढून बाहेर टाकली होती. बैठक अजून चालू होती.

हा प्रश्न का विचारतात ते मला शाळेपासून माहीत आहे. तो इथे विचारतील असं मी धरलं नव्हतं. माझी मांडणी स्पष्ट होती, ती पालखीच्या तारखेबद्दल होती.

रविवार, ६ एप्रिल

सरावाला शुभम आला. त्याचं घर वाळीत टाकलं. दंडाचा, नारळाचा विषय आता कोणी काढत नाही. गावात त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, जीपवाला थांबत नाही, गिरणीत दळण घेत नाहीत. गणू येत नाही. कुशाबांना आता तुळजाबाई एकट्या उचलतात. शुभम कामावर निघायच्या आधी असतो, पण दिवसभर त्या एकट्याच.

वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. मी कलमं वाचून आले होते. तक्रार लिहून देते, सही कर म्हटलं. शुभम म्हणाला, "पोलीस येतील नि जातील. आमाला तिथंच ऱ्हायचंय."

मग महाडला खोली घ्या, असं मी सुचवलं. त्याने काठ्या उचलल्या आणि विनीतला म्हणाला, चल, कंचं गानं.

पुण्याचं बोलावणं मी नाकारलं. बोलावणाऱ्याला कारण सांगितलं नाही.

रविवार, १ जून

शुभम आला नाही. मागच्या रविवारीही नव्हता. विनीतने नियमाची आठवण करून दिली, थट्टेने. मी म्हटलं, तो नियम मी रद्द केला आहे. कधी, असं त्याने विचारलं. आत्ता.

सोमवार, ७ जुलै

भातलावणीला गावात एकमेकांच्या शेतावर जायची पद्धत आहे. यांच्या शेतावर कोणी आलं नाही. धम्मपाल, विनीत आणि मी काल गेलो. मला लावणी येत नाही. तुळजाबाईंनी दोन वेळा माझी रोपं उपटून पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "सरळ लावतेस गो, पन लई वर लावतेस. वाहून जातील."

आत कुशाबांना पाहिलं. पाठीला जखमा झाल्या आहेत. पोलादपूरचा डॉक्टर म्हणतो, दर दोन तासांनी कुशीवर वळवायला हवं. तुळजाबाई चिखलातून दर थोड्या वेळाने वर घरात का जात होत्या ते तेव्हा कळलं.

शनिवार, १९ जुलै

पहाटे कुशाबा गेले. जखमा चिघळल्या होत्या. शुभमने धम्मपालला फोन केला आणि एवढंच म्हणाला, लाकडं नायत.

सावरखिंडीत कोणी गेलं की प्रत्येक घर आपल्या माळ्यावरचं सुकं लाकूड देतं, पावसाळ्यात तर त्याशिवाय भागतच नाही. आज एकाही घराने दिलं नाही. धम्मपालने पोलादपूरच्या वखारीतून लाकडं भरली आणि ताडपत्री टाकून टेम्पो वर नेला. विनीत आणि मी मागे बसलो होतो.

तिरडी शुभमच्या मामाने बांधली, तो पलीकडच्या खोऱ्यातून चालत आला होता. शुभमच्या हातात विस्तवाचं मडकं. खांद्याला मामा, धम्मपाल, विनीत. चौथं कोणी नव्हतं. दारादारांत माणसं उभी होती. मी गणूला ओळखलं. तो आत गेला.

मी मागची डावी बाजू धरली. बाया स्मशानात जात नाहीत, मामाने तसं म्हणायला तोंड उघडलं. तुळजाबाई म्हणाल्या, "धरू दे तिला."

माझी उंची कमी, त्यामुळे तिरडी माझ्याकडे कलत होती. बाकीच्यांनी गुडघे वाकवून चालायला सुरुवात केली. वाट निसरडी होती. स्मशानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडं ओली नव्हती तरी पेटायला वेळ लागला. हवेत ओल फार होती.

शुभम शेवटी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, मागच्या बाजूने हवा मिळत नाही, तिथली दोन लाकडं सैल कर. तो गेला आणि त्याने ती सैल केली.

रविवार, ३ ऑगस्ट

सराव झाला नाही. गोदामात जाऊन यंत्रं पुसून ठेवली. ड्रमच्या चामड्यांवर बुरशी धरली होती, तीही पुसली. शुभमला फोन लावला नाही. काय विचारायचं ते ठरत नव्हतं.

रविवार, १७ ऑगस्ट

तुळजाबाई आल्या. एकट्या, एसटीने. घर विचारत विचारत आल्या होत्या. आईने पाणी दिलं, ते एका दमात प्यायल्या. चहा बशीत ओतून घेतला आणि संपल्यावर आणखी अर्धा कप मागितला. मग बोलल्या.

गणपतीला मुंबईची माणसं येतील, त्याआधी गावकीला विषय मिटवायचा आहे. यांना परत घेणार आहेत. दंड भरला, देवळात नाक घासलं. आता शुभमने गावाचा ढोल वाजवायचा, बाहेर कुठे वाजवायचं नाही. आणि माझ्याशी, या घराशी संबंध ठेवायचा नाही.

"त्याला सांगायला जमत न्हवतं. म्हून मी आले."

मी विचारलं, त्याला हे मान्य आहे का.

"त्याला कुनी इचारलंय, बाय. मला एकटीला ऱ्हायाचंय तिथं, ते तो बघतो." मग माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "त्यानं तुला कदी काय सांगितलं नाय?"

मी विचारलं, कशाबद्दल?

"काय नाय."

ड्रमसेट आता त्याचाच आहे, तो येऊन घेऊन जाऊ दे, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, नको, घरात दिसला तर इचारतील. माझा हात त्यांनी हातात घेतला, डाव्या खांद्यावर हात ठेवला, दाबला. "माझ्या मानसाला खांदा..." म्हणाल्या आणि उठल्या.

निघताना दारात थांबल्या. आईकडे बघून बोलल्या, माझ्याकडे नाही.

"गावात इचारतील, तिकडं काय घेतलंस काय. मी सांगनार, पानी पन घेतलं नाय."

आई म्हणाली, "सांगा."

मी स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडते म्हटलं. स्टँडवर आमच्या गावची माणसं असतात, त्या म्हणाल्या. बाहेर पाऊस होता. मी छत्री पुढे केली. त्यांनी ती उघडली, कापडावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि हे काय लिहिलंय ते विचारलं. अरविंदकाकांच्या डेकोरेशनचं नाव आहे, आडनावासकट, मी सांगितलं. त्यांनी छत्री मिटली, पाणी झटकलं, माझ्या हातात परत ठेवली आणि डोक्यावर पदर ओढून निघाल्या.